लाल फडक्यातला गठ्ठा

अक्षता पडल्या, फोटोवाल्याने नवरा-नवरीला लिंबाखाली उभं करून घामाघूम केलं, आणि पहिली पंगत बसली. दिघोरीच्या त्या मांडवात इथपर्यंत सगळं टेकचंदने कागदावर लिहून ठेवलं होतं तसंच झालं होतं. टेकचंद नवरीचा बाप, शिवाय गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष, त्यामुळे कागदावर लिहिलेलं तसंच होतं यावर त्याचा फार विश्वास. पुढच्या ओळीवर त्याने लिहिलं होतं, ‘एक वाजता पाहुण्यांचं जेवण.’ एक वाजून गेला होता, वरण-भात, आलू-वांगं, पुरी, बुंदी सगळं वाढून झालं होतं, आणि कारध्याहून आलेल्या पाहुण्यांपैकी एकानेही घासाला हात लावला नव्हता.

कारण ओळीच्या टोकाला बसलेले बाबूलालजी हात मांडीवर ठेवून बसले होते. बाबूलालजी म्हणजे नवरदेव मनिषचे आजोबा, ऐंशी पार केलेले, धोतर-टोपीतले. त्यांनी घास घेतल्याशिवाय बाकीचे कसे घेणार?

टेकचंद वाकून म्हणाला, “काय झालं बाबूलालजी? वरनात मीठ नाई काय?”

“मीठ हाये. सारं हाये. बाया कुठी हायेत?”

“कोन्या बाया?”

“गाऱ्या म्हननाऱ्या बाया! मी कवाचा वाट पाहून राहिलो. अर्धा तास झाला बसून, अजून कोनी मले येक शिवी नाई देल्ली.”

मुलीकडच्या बायकांनी वरपक्षाच्या पंगतीला गाण्यातून शिव्या द्यायच्या, ही या भागातली जुनी रीत. पाहुणा जितका मानाचा, तितकी गारी तिखट. व्याह्याचं पोट, विहिणीचा पदर, दोघांचं रात्रीचं वागणं, काही म्हणजे काही सोडायचं नाही. ज्याला गारी मिळाली तो घरचा झाला, आणि ज्याला मिळाली नाही तो नुसताच जेवून गेला. पण दोन वर्षांपूर्वी, डीजेवरची गाणी फारच हाताबाहेर गेली तेव्हा, टेकचंदने ग्रामसभेत ठराव केला होता: लग्नसमारंभात अश्लील गाणी व गाऱ्या म्हणण्यास सक्त मनाई. डीजेच्या जोडीला गाऱ्या त्यानेच आपल्या हाताने घातल्या होत्या. का, तर त्याचे वडील लक्ष्मणराव गुरुजी यांनी पन्नास वर्षांपूर्वी अश्लीलतेविरुद्ध थेट कोर्टात लढा दिला होता, आणि मुलाने निदान ठराव तरी करावा!

“गावात बंदी हाये जी गाऱ्यायले,” तो पुटपुटला. “ठराव हाये.”

“कोनं केला?”

“मीच.”

बाबूलालजींनी ताट जरा पुढे सारलं. “मंग जेवन बी बंद. माझ्या बापाले माझ्या बिहावात येवढ्या गाऱ्या भेटल्या का बुढा हासता हासता ताटावरून उठला. आन् मी काय मुक्यानं भात खाऊन कारध्याले जाऊ? लोक इचारतील, मी काय सांगू? माझ्यात शिव्या देन्यासारखं काई उरलंच नाई मनून?”

ओळीतल्या तीस माणसांनी हात मांडीवर ठेवले.

टेकचंदची बायको कुंताबाई बुंदीची बादली घेऊन तिथेच उभी होती. तिने बादली खाली ठेवली आणि नवऱ्याला मांडवाच्या खांबामागे ओढलं.

“अवो, म्हनू द्या ना येक गारी!”

“कोन म्हनन? तुले येते?”

कुंताबाईला येत नव्हती. तिच्या वयाच्या कोणालाच येत नव्हती, आणि नव्या पोरींनी गाऱ्या फक्त मोबाईलवर ऐकलेल्या. या घराण्यात गाऱ्या येणारी एकच बाई जिवंत होती, आणि ती मांडवापासून वीस पावलांवर, कमरेएवढ्या भिंतीच्या पलीकडे, आपल्या ओसरीत बसली होती.

“काकीले बलावा,” कुंताबाई म्हणाली.

“ते येनार नाई.”

“तुमी कदी बलावलं, तवा नाई येनार?”

हे मात्र खरं होतं. लग्नपत्रिका द्यायलासुद्धा टेकचंदने डिंपललाच, म्हणजे नवरीलाच, पाठवलं होतं.

*

भिंतीपलीकडे चंद्रभागाबाईंना सगळं ऐकू येत होतं. सकाळी त्यांनी आपल्या अंगणातूनच अक्षता टाकल्या होत्या. नेम चांगला होता, दोन दाणे नवरदेवाच्या मुंडावळीत अडकले. पण भिंत ओलांडली नव्हती. टेकचंदच्या त्या अंगणात पाणी प्यायचं नाही आणि गाणं म्हणायचं नाही, हे त्यांनी पंचविसाव्या वर्षी ठरवलं होतं. आता शहात्तरावं चालू होतं.

त्यांचे मालक सेवकराम खडी गंमतीचे, म्हणजे इकडच्या तमाशाचे, शाहीर. सहा जणांचा फड, एक ढोलकी, आणि रात्रभर गाव हसवायचं. लक्ष्मणराव त्यांचा सख्खा मोठा भाऊ, शाळेत मुख्याध्यापक. एके वर्षी सरकारी कचेरीतून हुकूम आला, परवानगी पाहिजे तर गंमतीत काय म्हणणार ते लिहून द्या. गंमत कुठे लिहिलेली असते? पण सेवकरामांनी वही आणली आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळी गाणी लिहून काढली. कचेरीने वही पाहून परत दिली. दोन महिन्यांनी लक्ष्मणरावांनी भावाविरुद्ध तक्रार केली, आणि पोलिसांनी तीच वही पुरावा म्हणून नेली. मागितली म्हणून लिहिली, आणि लिहिली म्हणून सापडली. खटला दोन वर्षं चालला. सेवकराम निर्दोष सुटले, पण तोवर फड पांगला होता. वही परत आणायला ते गेलेच नाहीत. ज्याच्यामुळे गेली त्याने आणून द्यावी, असं म्हणत म्हणत गेले बिचारे. कोर्टात काय झालं हे मात्र दोन्ही भावांनी घरी कधी सांगितलं नाही.

आणि चंद्रभागाबाईंनीही एक गोष्ट कोणाला सांगितली नव्हती. तक्रारीतलं सगळ्यात वाईट ठरलेलं गाणं सेवकरामांचं नव्हतंच. दोन कडवी त्यांनी स्वतः माहेरच्या आंबागडहून, आईच्या तोंडून आणली होती, आणि तिसरं तर लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी चुलीपुढे बसून रचलं होतं. सेवकराम म्हणाले होते, कोनाले सांगू नको, नाईतर तुले बी पिंजऱ्यात उभं करतील. मग त्या गप्प राहिल्या. अश्लील हा शब्द त्यांच्या नवऱ्याच्या नावावर लागला, पण त्यांना तो स्वतःच्या अंगावर लागल्यासारखा वाटायचा. आणि आता सगळ्यात वाईट हे, की ते तिसरं कडवं त्यांना आठवतच नव्हतं. पन्नास वर्षं न म्हटलेलं गाणं कुठून आठवणार?

“आजी, तिकडं पाय,” शेजारी बसलेली नात रिता म्हणाली. रिता भंडाऱ्याच्या कोर्टात वकिली करते, आज काळा कोट घरी ठेवून मोतिया रंगाची साडी नेसून आली होती.

भिंतीवरून डिंपल येत होती. शालू गुडघ्यापर्यंत वर धरून, बाशिंग एका हाताने सांभाळत. नवरीला असं भिंत चढताना पाहून वाजंत्रीवाले वाजवायचं विसरले. तिच्यामागे कुंताबाई आली. आणि सगळ्यात शेवटी, दाराने, रीतसर, टेकचंद आला.

“आजी, आमचा आजेसासरा उपाशी बसला,” डिंपल म्हणाली. “तुया शिव्या पायजेत मनते.”

चंद्रभागाबाई हसू आवरत म्हणाल्या, “मले इथूनच ऐकू आलं. भल्ला मानूस दिसते.”

“चाल ना मंग.”

“तुया बापाले बोलू दे.”

टेकचंदने घसा साफ केला. “काकी, चाल. पाहुने उठतीन.”

“ठराव कोनाचा हाये?”

“माझा.”

“आन् केस कोनाची होती?”

“बाबाची.”

“तुया बापापायी वही गेली, टेकचंद. ते वही आनून दे, मी आता उठतो. मले अर्धं गानं येते आन् अर्धं येत नाई. अर्धी गारी देऊन त्या बुढ्याचा अपमान करू काय?” शेवटच्या शब्दांना त्यांचा आवाज चिरकला, आणि कुंताबाई नवऱ्याला सोडून त्यांच्या बाजूला जाऊन बसली. डिंपल आधीच तिथे होती.

“वही माझ्यापाशी नाई व काकी. देवाशपथ. बाबाचा गठ्ठा तेवढा हाये.”

“कायचा गठ्ठा?” रिताने कान टवकारले.

“केसचा. लाल फडक्यात. दसऱ्याले शस्त्र-पुस्तकायसंगं मांडतो मी त्याले. हळद-कुंकू वायतो, आपट्याचं पान ठेवतो.”

“उघडून पायला?”

“पूजेचं कोनी उघडून पायते काय?”

“पन उघडू नको मनून कोनी सांगतलं होतं?”

टेकचंदने आठवून पाहिलं. कोणीच सांगितलं नव्हतं.

*

गठ्ठा ओसरीवर आला. तीस वर्षांच्या कुंकवाने फडकं कडक झालं होतं. टेकचंदने त्याला नमस्कार केला आणि गाठ सोडायला रिताकडे दिला. कोर्टाच्या नकला पाहायची रिताच्या डोळ्यांना सवय, पण असलं वळणदार अक्षर तिने कुठल्याच फायलीत पाहिलं नव्हतं. लक्ष्मणराव गुरुजींचं अक्षर, शाईपेनाचं, शिरोरेघा पट्टीने आखल्यासारख्या.

“तक्रारीसोबतचे परिशिष्ट,” तिने कोर्टातल्या आवाजात वाचलं. “आक्षेपार्ह गाणी, एकूण सोळा.” मग ती थांबली. “मोठे बाबा, तक्रारीले दोन ओळी पुरे झाल्या असत्या. इथं तं सोळा गानी पूर्न लिवली हायेत. ध्रुवपदासकट.”

“बाबायचं काम पक्कं होतं,” टेकचंद अभिमानाने म्हणाला.

“आयका. ‘व्याही आला पवनीचा’. आन् बाजूले कंसात लिवलं हाये, ‘येथे वरपक्षाच्या गावाचे नाव घालावे.’ खाली लिवलं, ‘ही ओळ दोनदा. दुसऱ्या वेळी आवाज चढवावा.’”

कुंताबाईने आधी पदर तोंडावर घेतला, मग तिला आवरेना.

“येवढ्या वर्षांपासून,” ती धापा टाकत म्हणाली, “तुमी दसऱ्याले गाऱ्यायची पूजा करून राहिले, डिंपलचे बाबा! आन् मले बी कुकू वायाले लावलं!”

टेकचंद लाल झाला. रिताला त्याची दया आली, पण हसूही येत होतं. “घाबरू नोका मोठे बाबा. अश्लील पुस्तकायचा जो कायदा हाये ना, इंग्रजायच्या काळापासूनचा, त्यात देवळावरच्या मूर्ती आन् धर्मासाठी ठेवलेलं पुस्तक वगळलं हाये. तुमी तीस वर्षं पूजा केली. हे जिल्ह्यातल्या कोन्याबी कागदापेक्षा सोवळं हाये आता.”

“तिसरं कडवं हाये काय त्यात?” चंद्रभागाबाई मध्येच म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या.

रिताने पान उलटलं. तिसरं कडवं होतं. ते तिने वाचलं, सरळ, चाल न लावता, जामीनअर्ज वाचावा तसं. दुसऱ्याच ओळीला चंद्रभागाबाईंचे ओठ हलायला लागले. शेवटची ओळ रिताच्या आधी त्यांनीच पूर्ण केली, आणि डोळ्यांतलं पाणी हाताच्या पाठीने पुसलं.

“आनखी येक कागद हाये,” रिता म्हणाली. “मोठ्या आजोबाची, गुरुजीची साक्ष. आपल्या आजोबाच्या वकिलानं प्रश्न इचारले, त्याचे उत्तरं.”

तिने वाचायला सुरुवात केली, आणि वाचता वाचता तिचा कोर्टातला आवाज बदलत गेला.

“‘मी सदर प्रयोग सात वेळा पाहिला हे खरे आहे. पहिल्याच वेळी मला त्रास झाला हे खरे आहे. त्यानंतर सहा वेळा गेलो, कारण परिशिष्टातील तिसरे कडवे लिहून घ्यायचे राहिले होते. अशी गाणी आमच्या घरच्या स्त्रिया लग्नात म्हणतात हे खरे आहे. तेव्हा मला त्रास होत नाही हे खरे आहे. तिसरे कडवे कोणी रचले हे मला माहीत आहे. ते नाव घरातले आहे, मी ते सांगणार नाही. ते कडवे ऐकताना मी हसलो हे खरे नाही.’”

“आन् खाली कंसात?” कुंताबाईने विचारलं, कारण रिताचं बोट कागदाच्या तळाशी एका कंसावर थांबलं होतं.

“‘न्यायालयाची नोंद: कडवे वाचून दाखविले असता साक्षीदार हसतो.’”

टेकचंदने कागद हातात घेतला. त्याने वडिलांना हसताना कधी पाहिलं नव्हतं. शाळेत नाही, घरात नाही, फोटोतही नाही. आणि इथे, सही-शिक्क्यासह, ते हसले होते. त्याला आनंद झाला आणि रडू फुटलं, आणि त्याने दोन्ही लपवलं नाही.

“त्याले मालूम होतं,” चंद्रभागाबाई स्वतःशीच बोलल्या. “मी रचलं ते. मालूम होतं आन् सांगतलं नाई.” मग एकदम चिडून म्हणाल्या, “मंग घरी येऊन येकदा बोलला काहून नाई? नुसतं म्हनला असता, चंद्रभागा, कडवं चांगलं हाये! भाऊ भावाकडे गेला नसता काय?” राग होता, पण तो आता फार जुन्या माणसावर काढलेला, मायेचा राग होता.

“काकी,” टेकचंद म्हणाला. त्याने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. “बाबाच्या बदल्यात मी म्हनतो. कडवं चांगलं हाये.”

“ऐकलं काय तू नीट?”

“नाई. लाज वाटून राहिली होती.”

“मंग चाल. मांडवात ऐक.”

*

ठरावाचं काय, हा प्रश्न टेकचंदने भिंतीपाशी एकदा विचारलाच. अध्यक्ष तो अध्यक्ष.

रिताकडे उत्तर तयार होतं. “जुनं कलम दोनशे चौऱ्याण्णव, आता नवीन कायद्यात दोनशे शहाण्णव. दोन्हीत येकच गोष्ट हाये. गान्यानं दुसऱ्याले त्रास झाला पायजे. म्हनूनच तं आपले आजोबा सुटले, सात वेळा जानाऱ्याले त्रास झाला हे कोर्टाले पटलं नाई. इथं कोनाले त्रास होऊन राहिला, ते पंगतीत इचारू. ठरावाचं ग्रामसभेत पाहून घ्या.”

बाबूलालजींना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “मले त्रास होऊन राहिला, पन गाऱ्या नाई म्हनून!” आणि रिताने मागितल्यावर लग्नपत्रिकेच्या पाठीवर, भाताच्या ताटाशेजारी, स्वतःच्या हाताने लिहून दिलं: मी बाबूलाल, राहणार कारधा, मला दिघोरीच्या बायकांनी पोटभर शिव्या द्याव्यात, माझी काही हरकत नाही. खाली सही. टेकचंदने तो कागद दोनदा वाचला आणि खिशात नीट घडी करून ठेवला. कागद असला की त्याला बरं वाटतं.

मग चंद्रभागाबाईंनी भिंत ओलांडली. एका बाजूने डिंपलने धरलं, दुसऱ्या बाजूने कुंताबाईने, आणि टेकचंदने मोठ्या अदबीने खुर्ची आणली, ती त्यांनी बाजूला सारली. गारी उभ्याने म्हणतात. त्यांनी कमरेवर हात ठेवले, बाबूलालजींना नखशिखांत न्याहाळलं आणि सुरू केलं:

“व्याही आला कारध्याचा, घाईघाईनं नेसला,
इहिनीचं लुगडं नेसून मांडवात बसला!”

दुसऱ्या वेळी आवाज चढवला, परिशिष्टात लिहिल्याप्रमाणे. बाबूलालजींनी पहिला घास घेतला. तीस हात ताटांकडे गेले.

“अंधारातली अदलाबदल, कोनाले कळली नाई,
धोतर नेसून घरी बसली व्याह्याची बाई!”

कारध्याच्या बायका किंचाळल्या. ढोलकीवाल्याला ठेका सापडला. मग आलं ते तिसरं कडवं, चुलीपुढे रचलेलं, कोर्टात वाचलेलं, हळद-कुंकवाखाली तीस वर्षं झोपलेलं:

“कोंबडा आरवला पाहाटी, दोघं उठले दचकून,
कपडे शोधता शोधता पडले खाटेवरून,
सासू पुसे दारातून, आवाज कायचा व बाई?
सून म्हने, उंदीर होता, दुसरं काई नाई!”

बाबूलालजींना बुंदी घशात अडकून ठसका लागला. मनिषने पाठीवर थापट्या मारल्या, तर ते त्याचा हात झटकून ओरडले, “राहू दे पोट्ट्या! आनखी म्हना बाई, आनखी!” डोळ्यांतून पाणी, मिशीला वरण, आणि चेहऱ्यावर असा मान की आता कारध्याला जाऊन वर्षभर सांगायची सोय झाली.

चंद्रभागाबाईंनी कुंताबाईच्या हातून पेला घेतला आणि त्या अंगणातलं पाणी गटागटा प्यायल्या. कुंताबाईने पेला पुन्हा भरला. मग चंद्रभागाबाई वळल्या. पाहुण्यांकडे नाही, आपल्याच पुतण्याकडे. तो खांबाला टेकून, गठ्ठा छातीशी धरून उभा होता. चौथं कडवं कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते त्यांना आत्ता, पाणी पिता पिता सुचलं होतं:

“अध्यक्षानं ठराव केला, गाऱ्या केल्या बंद,
दसऱ्याले गाऱ्यायचीच पूजा करे टेकचंद!”

टेकचंदने ओठ दाबले. मान वळवली. मांडवाच्या कापडाकडे, तोरणाकडे, सगळीकडे बघून झालं. पण बाजूला कुंताबाई डोळे पुसत होती, डिंपल नवऱ्याला खुणेने दाखवत होती, आणि तो पोटातून गडगडत येणारा आवाज त्याला काही केल्या थांबवता आला नाही. टेकचंद हसला. गठ्ठा सुटून कागद मांडवभर झाले तरी हसतच राहिला.

चंद्रभागाबाई तिथेच थांबल्या. त्यांनी हात वर करून ढोलकी बंद करवली.

“रिता,” त्या म्हणाल्या, “कागद घे. लिव. साक्षीदार हासला.”